राणीछाप ते कासवछाप: छोट्या बेटांची चांदीची नाणी पुण्यात बसून कशी घ्यावीत, तपासावीत आणि जपावीत

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजीचे चार राणीछाप रुपये असायचे. व्हिक्टोरिया राणीचं नाक झिजून गालाला मिळालेलं, कडा गुळगुळीत झालेल्या. वजन प्रत्येकी एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. काही वर्षांपूर्वी त्याच ताटात माझ्या भाच्याने एक जाडजूड, लखलखीत नाणं ठेवलं. एका बाजूला पोहणारं समुद्री कासव, दुसऱ्या बाजूला पुन्हा राणीच, पण ही एलिझाबेथ. सोबत नाव 'निउए' आणि किंमत दोन डॉलर. आईने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या राज्याचं रे?"

मी तेव्हा बरीच वर्षं नाणी जमवत होते, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी या बेटांच्या नाण्यांच्या मागे लागले. आता ओळखीचे लोक मुलांच्या वाढदिवसाला, मुंजीला किंवा धनत्रयोदशीला असं नाणं घ्यायचं म्हणून विचारायला येतात. त्यांना जे क्रमाने सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी समजून घ्या: नाणं बेटाचं, टांकसाळ दुसरीकडची

निउए हे दक्षिण प्रशांत महासागरातलं एक बेट. लोकवस्ती दोन हजारांच्या आत, म्हणजे आपल्या कोथरूड-बाणेरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत सगळा देश मावेल. १९७४पासून ते न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात राहून स्वतःचा कारभार पाहतं आणि चलन न्यूझीलंडचा डॉलर वापरतं. कुक बेटं पंधरा, त्यांचीही व्यवस्था तशीच, १९६५पासून. तुवालू हा नऊ बेटांचा देश १९७८ साली स्वतंत्र झाला, तिथे ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो. पलाऊ १९९४ साली स्वतंत्र झालं, तिथे अमेरिकी डॉलर. टोकेलाऊ तर तीन प्रवाळबेटांचा, न्यूझीलंडच्या अखत्यारीतला प्रदेश.

यांपैकी एकाकडेही या नाण्यांची स्वतःची टांकसाळ नाही. देश आपलं नाव आणि कायदेशीर चलनाचा अधिकार देतो, टांकसाळ किंवा वितरक नाणं पाडून जगभर विकतो आणि बेटाला त्यातून मानधन मिळतं. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना ही रीत जुनीच वाटेल, कारण छोट्या देशांनी संग्राहकांसाठी सुंदर तिकिटं काढून याच वाटेने महसूल उभा केला. तुवालूला तर इंटरनेटवरच्या आपल्या 'डॉट टीव्ही' या नावाचंही उत्पन्न मिळतं. मला यात काही गैर वाटत नाही. ज्या देशाकडे विकायला जमीन नाही, खाणी नाहीत, तो आपलं सार्वभौमत्व अशा रीतीने कामाला लावतो. घेणाऱ्याला मात्र व्यवहार कळलेला असावा.

तुवालूच्या नावाची पुष्कळ नाणी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंटमध्ये पडतात. ही टांकसाळ १८९९ साली सुरू झाली आणि आजही पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य सरकारच्या मालकीची आहे. निउएची डिस्नेची पात्रं असलेली नाणी ऑकलंडच्या न्यूझीलंड मिंटची असतात. नावावरून ती सरकारी वाटते, पण ती खासगी कंपनी आहे. कुक बेटं आणि पलाऊ यांची सर्वांत कल्पक नाणी लिश्टनश्टाइनमधल्या सीआयटी कंपनीने काढली आहेत. आत उल्केचा तुकडा बसवलेलं नाणं आहे, फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पाण्याची इवलीशी कुपी जडवलेलं नाणं आहे, डोंगरासारखा उठाव असलेली नाणी आहेत.

आणखी एक गोष्ट. आपले सराफ दिवाळीला जे लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं नाणं विकतात, ते खरं तर पदक आहे. त्यावर दर्शनी किंमत नसते आणि कुठलंही राज्य त्याच्यामागे उभं नसतं. निउएचं नाणं त्या अर्थाने खरंखुरं नाणं आहे. पण त्यावरच्या दोन डॉलरचे साधारण शंभर रुपये होतात आणि आतली चांदीच त्याहून कितीतरी महाग असते. त्यामुळे दर्शनी किमतीला ते कुणी खर्च करत नाही, पुण्यातली कुठलीही बँक ते बदलूनही देणार नाही. 'कायदेशीर चलन आहे, म्हणून पैसे सुरक्षित' असं कुणी सांगितलं, तर त्याचं पुढचं बोलणं ऐकण्यात वेळ घालवू नका.

पहिली पायरी: नाण्यावर काय लिहिलंय ते अक्षर अन् अक्षर वाचा

वजन, कस आणि धातू या तीन गोष्टी शोधायच्या. बहुतेक चांदीच्या नाण्यांवर 'एक औंस, ९९९ फाइन सिल्व्हर' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. हा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला २८.३५ ग्रॅमचा औंस वेगळा. जुन्या हिशेबाने बघायचं तर ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा आणि तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे तीन औंस बरोबर आठ तोळे. आज सराफ तोळा म्हणून १० ग्रॅम धरतात, तेव्हा बोलताना ग्रॅमच बोला.

याच बेटांनी याच चित्रांची चांदीचा मुलामा दिलेली नाणीही काढली आहेत. आत तांबं-निकेल, वर चांदीचा पातळ थर. ती खोटी नसतात, अधिकृतच असतात, फक्त चांदीची नसतात. जाहिरातीत 'सिल्व्हर कॉइन' असं मोठ्या अक्षरात आणि 'सिल्व्हर प्लेटेड' बारीक अक्षरात असेल, तर चांदीची किंमत शून्य धरा. 'जर्मन सिल्व्हर' असेल तर त्यात चांदी मुळीच नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. आपल्या सरकारची स्मारक नाणीही या नजरेने वाचा. २०२३ साली नव्या संसद भवनानिमित्त काढलेलं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे, पण त्यात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल, जस्त.

राणीची बाजूही नीट बघा. निउए, कुक बेटं आणि तुवालूच्या बऱ्याच नाण्यांवर इयन रँक-ब्रॉडली यांनी घडवलेली एलिझाबेथची प्रतिमा आहे. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली गळ्याच्या कापाजवळ 'आयआरबी' ही तीन इंग्रजी अक्षरं स्वच्छ दिसतात. नकली नाण्यात बहुधा तीच आधी विरघळल्यासारखी होतात. राणी ८ सप्टेंबर २०२२ रोजी गेल्या, त्यानंतरच्या नाण्यांवर राजे चार्ल्स दिसू लागले. निउएच्या अलीकडच्या काही नाण्यांवर राजा-राणीच्या चेहऱ्याऐवजी त्या बेटाची स्वतःची सार्वजनिक मुद्रा असते. म्हणून राणी दिसली नाही एवढ्यावरून नाणं खोटं ठरवू नका.

दुसरी पायरी: किमतीचे दोन भाग करा

सगळ्या लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कागद घ्या आणि मध्ये उभी रेघ ओढा. डावीकडे चांदी, उजवीकडे चित्र.

गणित सोपं व्हावं म्हणून चांदीचा भाव किलोला १ लाख रुपये धरते. तुम्ही खरेदीच्या दिवशीचा भाव घाला. म्हणजे ग्रॅमला १०० रुपये. एक औंसाच्या नाण्यात ३,११० रुपयांची चांदी. विक्रेता ९,००० रुपये सांगत असेल, तर डावीकडे ३,११० आणि उजवीकडे ५,८९०. या उजवीकडच्या रकमेत टांकसाळीचा खर्च, पात्राच्या हक्काचे पैसे, बेटाचं मानधन, डबी, वाहतूक, कर आणि दोन-तीन मध्यस्थांचा नफा असतो. डावीकडची रक्कम उद्या कुठल्याही सराफाकडे परत मिळू शकते, बाजारभावात थोडी वजावट होऊन. उजवीकडची रक्कम परत मिळायची असेल, तर त्याच चित्रावर जीव जडलेला दुसरा माणूस सापडावा लागतो.

ही रेघ ओढली की निर्णय सोपा होतो. साधं कासवाचं नाणं चांदीच्या किमतीहून थोडंच महाग असतं, कारण ते मोठ्या संख्येने, गुंतवणुकीची चांदी म्हणूनच पाडलं जातं. हे कासव आधी फिजीच्या नावाने 'ताकू' म्हणून यायचं, २०१४पासून ते निउएच्या नावाने येऊ लागलं. पहिलं नाणं घेणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सुचवते. चुकलं तरी फार नुकसान नाही. याउलट रंगीत, पेटीतलं, पात्राचं नाणं घेताना उजवीकडची रक्कम मोठी असते आणि ती स्वतःच्या आनंदासाठी खर्च झाली असंच धरावं. नातवाला डायनासोर आवडतो, बायकोला व्हेल आवडतो, म्हणून घ्या. आनंदासाठी खर्च करण्यात काहीच वाईट नाही. त्याच पैशांतून मुलीचं शिक्षण होईल असं समजून घेतलंत, तर मात्र मला तुमची काळजी वाटते. चांदीतच पैसे गुंतवायचे असतील, तर सराफाकडची साधी ९९९ची लगड जास्त चांगली.

तिसरी पायरी: 'फक्त ५,००० नाणी' याचा अर्थ लावा

नाण्यासोबत येणाऱ्या टांकसाळीच्या दाखल्यावर एकूण किती नाणी पाडली जातील तो आकडा असतो. बहुतेकदा ती कमाल मर्यादा असते. तेवढी पडलीच असं नाही. दुसरं म्हणजे आकडा त्या एकाच नगाचा असतो. त्याच पात्राचं अर्ध्या औंसाचं, दोन औंसाचं, सोनेरी मुलाम्याचं, जुनाट छटेचं आणि पुढच्या वर्षी नव्या मुद्रेतलं अशी भावंडं मोजली की दुर्मीळपणा बराच उतरतो. मागणी करणारे तीनशेच असतील, तर ५०० नाणीही जास्त होतात.

नाणं निघाल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तर त्याची आजची खरी किंमत बघता येते. ईबेवर मागितलेल्या किमती बघू नका. 'विकलेल्या वस्तू' असा पर्याय निवडा आणि प्रत्यक्ष किती पैसे हातात पडले ते बघा. नाण्याची मूळ माहिती, म्हणजे वजन, व्यास, धातू, संख्या, नुमिस्टा या संकेतस्थळावरच्या सूचीत पडताळता येते. मी दुकानात उभी राहून फोनवर हे बघते आणि त्यात मला कधी संकोच वाटलेला नाही.

चौथी पायरी: कुठून घ्यायचं

पुण्यात सुरुवात प्रदर्शनापासून करावी. इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स ही आपल्या शहरातली संग्राहकांची संस्था. तिचं 'कॉइनेक्स' हे प्रदर्शन कर्वे रस्त्यावरच्या सोनल हॉलमध्ये भरत आलं आहे. तिथे शिवराई, पेशवेकालीन रुपये आणि मुघल मोहरा यांचंच राज्य असतं, पण आधुनिक परदेशी नाण्यांची टेबलंही असतात. नाणं हातात घेता येतं, जुने जाणते संग्राहक न मागता चार गोष्टी सांगतात. पहिल्या दिवशी काही घेऊ नका. नुसते फिरा, किमती लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी जा.

मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नजर तयार व्हायला तिथे जरूर जा, पण बेटांची चांदीची नाणी तिथे शोधू नका.

लक्ष्मी रस्त्यावरचे आणि रविवार पेठेतले सराफ ही नाणी सहसा ठेवत नाहीत. त्यांच्याकडे दुसऱ्या कामासाठी जायचं, ते पुढे सांगते.

देशातल्या विक्रेत्याकडून घेताना जीएसटीचं पक्कं बिल मागा. चांदीवर ३ टक्के जीएसटी आहे. बिलावर नाण्याचं नाव, साल, वजन आणि कस लिहून घ्या. नुसतं 'कॉइन, एक नग' असं लिहिलेलं बिल पुढे कशालाच उपयोगी पडत नाही.

परदेशातून थेट मागवणं मोहाचं असतं, कारण तिथली किंमत कमी दिसते. पण सीमाशुल्क नुसत्या चांदीच्या किमतीवर लागत नाही. नाण्याची पूर्ण किंमत, वाहतूक आणि विमा धरून लागतं, म्हणजे चित्रासाठी दिलेल्या पैशांवरही कर भरावा लागतो. त्यावर जीएसटी, त्यावर कुरिअरची हाताळणी फी. चांदीच्या आयातीचे दर आणि नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. टपालाने नाणी आणि मौल्यवान धातू पाठवण्यावरही बरेच निर्बंध असतात. म्हणून मागवण्याआधी कुरिअर कंपनीकडून एकूण खर्चाचा लेखी अंदाज घ्या. विक्रेत्याने 'गिफ्ट असं लिहून किंमत कमी दाखवतो' म्हटलं, तर नको म्हणा. खोटी किंमत लिहिलेलं पार्सल हरवलं तर विमाही त्या खोट्या किमतीचाच मिळतो.

पाचवी पायरी: घरी आल्यावर तपासणी

आधी ठरवा, डबी उघडायची की नाही. आरशासारखं 'प्रूफ' नाणं गोल पारदर्शक कॅप्सूलमध्ये येतं. त्यावर बोटाचा ठसा उमटला तर काही महिन्यांत तो कायमचा होतो. असं नाणं डबीतच राहू द्या. बाहेरून व्यास, कडेच्या रेघा, अक्षरांची धार आणि दाखल्यावरचा क्रमांक बघा. काही दुकानदारांकडे धातूची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र असतं, ते प्लास्टिकच्या आतूनही अंदाज देतं.

कासवासारखं साधं नाणं मात्र बाहेर काढून तपासता येतं. खाली मऊ पंचा पसरा, हात धुऊन कोरडे करा, नाणं फक्त कडेने धरा. नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा सूक्ष्म थेंबही डाग पाडतो.

वजन: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. एक औंसाचं नाणं ३१.१०च्या खाली जाऊ नये, थोडं जास्त भरलं तर चालतं.

चुंबक: चांदी चुंबकाला चिकटत नाही. ताकदवान निओडिमियम चुंबक घ्या, नाणं तिरकं धरा आणि चुंबक वरून सोडा. खऱ्या चांदीवर तो कुणीतरी मागून धरल्यासारखा सावकाश घसरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. प्रूफ नाण्यावर हा प्रयोग करू नका, चरे पडतील.

पाण्याची परीक्षा: माझा सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवणकामाचा बारीक दोरा दोन बाजूंनी गुंडाळून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. हात स्थिर ठेवा, चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका. आता काटा जो आकडा दाखवेल, ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणून ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीला २.९६ ते २.९७ असा आकडा यायला हवा. तेवढ्याच वजनाचं तांबं ३.४७ दाखवेल, पितळ त्याहूनही जास्त, शिसं २.७४च्या आसपास. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे करताना पहिल्या दोन वेळा आकडा ३.१ आला होता. नाणं काचेला टेकलं होतं. तिसऱ्यांदा श्वास रोखून धरलं, तेव्हा २.९७.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. ९२५ची चांदी या काट्यावर जवळजवळ ९९९सारखीच दिसते आणि हुशार नकलाकार मिश्रधातू जुळवूनही आणतो. तेव्हा वजन, व्यास, जाडी, चुंबक आणि पाणी या सगळ्यांचं मत एक असावं. रंगीत, जुनाट छटेचं किंवा खडा जडवलेलं नाणं मात्र पाण्यात घालू नका.

तरीही शंका राहिली तर सराफाकडे जा आणि टंच काढून द्यायला सांगा. बऱ्याच पेढ्यांत आता क्ष-किरणांचं यंत्र असतं, नाण्याला ओरखडाही न पडता कस कळतो. यंत्र फक्त वरचा थर वाचतं, हे ध्यानात ठेवा. जाड मुलाम्याचं नाणं त्याला चकवू शकतं. म्हणून टंचाचा कागद आणि घरचा पाण्याचा आकडा दोन्ही एकत्र वाचायचे. कसोटीच्या दगडावर घासू मात्र देऊ नका. दागिन्याला चालतं, नाण्याची किंमत त्या एका रेघेत उतरते.

सहावी पायरी: पुण्याच्या हवेत जपणूक

इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं पहिलं कासव मी एका मऊ, लवचीक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. नाणी ठेवायला म्हणूनच ते विकत मिळालं होतं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या दिवाळीला काढलं तर कासवाच्या डाव्या पायाजवळ हिरवट, चिकट थर आलेला, बोटाला तेलासारखा लागणारा. असली मऊ पाकिटं पीव्हीसीची असतात, त्यांतून सुटणारी रसायनं धातूवर बसतात. मी औषधाच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणलं. नखांचं रंग काढायचं द्रव्य नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला, काचेच्या वाटीत नाणं पाच मिनिटं बुडवलं, न घासता बाहेर काढलं आणि पुन्हा ताज्या ॲसिटोनमधून काढलं. चिकटपणा गेला. खाली एक फिका डाग राहिला, तो आजही आहे. रंगीत नाण्यावर हा उपाय चुकूनही करू नका, रंगच निघून येईल.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. नाण्याच्या व्यासाची कडक कॅप्सूल घ्यायची. एक औंसाचं नाणं बहुधा ३९-४० मिलिमीटरचं असतं, पण मोजून घ्या, सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळून कडा मारतं. कॅप्सूल हवाबंद झाकणाच्या डब्यात ठेवायची, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मे महिन्याच्या शेवटी पुड्या बदलायच्या आणि गणपती झाल्यावर पुन्हा. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड आणि डांबराच्या गोळ्या कपाटाच्या त्या खणात नकोतच. रबर आणि लोकरीत गंधक असतं, आणि चांदी काळी पडते ती गंधकामुळेच. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर तळघरातल्या लॉकरची ओल लक्षात घ्या आणि पावसाळ्यात एकदा तरी जाऊन बघा.

साफ करण्याबद्दल एकच सांगते: करू नका. आपल्या घरांत चांदी म्हटली की चिंच, रांगोळी, टूथपेस्ट नाहीतर भांडी घासायची पावडर हात जोडून उभी असते. निरांजनाला चालते. प्रूफ नाण्यावर एकदा जरी घासली, तर आरशावर हजारो बारीक चरे पडतात आणि संग्राहक ते लांबून ओळखतो. हळूहळू आलेली निळसर-सोनेरी छटा काही संग्राहकांना तर आवडतेही. पांढरे दुधासारखे ठिपके दिसले, तर ते बहुधा टांकसाळीतच राहिलेल्या द्रव्याचे असतात, तुमचा दोष नसतो आणि ते सुरक्षितपणे निघतही नाहीत.

पूजेला ठेवायचं असेल तर कॅप्सूलसकट ठेवा. हळदकुंकू कॅप्सूलवर वाहा. आमच्या आईला हे आधी पटलं नव्हतं, आता तीच कॅप्सूल पुसून ठेवते.

ग्रेडिंगबद्दल थोडक्यात

एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी कंपन्या नाण्याला ७०पैकी गुण देऊन ते प्लास्टिकच्या सीलबंद पट्टीत बंद करतात. क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फोटो आणि नाणं जुळतंय का तेही बघा, कारण पट्ट्याही नकली निघतात. आधुनिक नाणी टांकसाळीतून थेट तिथे जातात, त्यामुळे ६९ आणि ७० गुणांची नाणी ढिगाने आहेत. या दोहोंमधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, किमतीत मात्र ठळक असतो. मी ७०साठी जास्तीचे पैसे कधी देत नाही.

शेवटची पायरी: विकणं, कर आणि वही

सराफाकडे विकायला गेलात तर तो मोडीचा भाव देईल. ते योग्यच आहे, त्याला कासवाशी काही देणंघेणं नाही. चित्राचे पैसे हवे असतील, तर संग्राहकांचं प्रदर्शन, लिलाव किंवा ऑनलाइन विक्री. तिथे पेटी, दाखला आणि बाहेरचा पुठ्ठ्याचा खोकासुद्धा लागतो. दाखला हरवलेल्या नाण्याला घासाघीस होते. म्हणून खोका टाकून देऊ नका, घर कितीही छोटं असलं तरी. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलेल्या चांदीवरचा नफा सध्या दीर्घकालीन भांडवली नफा धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के कर आहे. बिल जपलेलं असेल तरच खरेदीची किंमत दाखवता येते.

आणि वही ठेवा. ही नाणी घरात एकालाच कळतात. तो माणूस गेला की उरलेले लोक पेटी घेऊन सराफाकडे जातात आणि उल्केचा तुकडा बसवलेलं नाणंही वजनावर मुशीत जातं. प्रत्येक नाण्याला एक पान: देश, साल, वजन, कस, टांकसाळ, दाखल्याचा क्रमांक, कुठून घेतलं, किती रुपयांना, त्या दिवशी चांदी किती होती, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि विकायचं झालं तर कुठे न्यायचं. वही कुठल्या खणात आहे ते घरातल्या दोघांना सांगून ठेवा.

माझ्या वहीचं पहिलं पान कासवाचं आहे. निउए, २ डॉलर, ९९९, वजन ३१.१२, पाण्यात २.९७. खाली लिहिलंय: 'डाव्या पायाजवळ फिका डाग, पीव्हीसी पाकिटामुळे, चूक माझी.' आणि 'विकायचं झालं तर' या रकान्यात भाच्याच्या अक्षरात: 'हे नाही. लक्ष्मीपूजनाला आजीच्या रुपयांशेजारी.'